पांढऱ्या खुंटीचा वाल

माझा विश्वास तराजूवर. माणगावच्या बाजारात वडिलांचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्यामागच्या गोणीवर बसून मी लहानाची मोठी झाले. गिऱ्हाईक काय म्हणतं, दलाल काय म्हणतो, यापेक्षा काटा काय म्हणतो ते खरं, हे मला तिथंच कळलं. लग्न होऊन म्हसळ्याच्या अलीकडच्या या गावात आले तेव्हा सासूबाईंनी मला शेत दाखवलं आणि म्हणाल्या, "आपल्या घरचा वाल पंचक्रोशीत एक नंबर." मी विचारलं, "मोजला कोणी?" नवी नवरी असं विचारते का! पण तोंडातून गेलं खरं. तेव्हापासून आमच्या दोघींचं हे असंच चाललंय. त्यांची सगळी भिस्त जिभेवर, माझी काट्यावर.

वाल म्हणजे आमच्याकडं हिवाळ्याचं पीक. भात कापलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच तो पेरायचा. वरून पाणी द्यायचं नाही, फार लाड करायचे नाहीत. थंडी आणि दव एवढ्यावर तो वाढतो, संक्रांतीच्या सुमाराला शेंगांनी लगडतो आणि होळीपर्यंत वाळून काढणीला येतो. मग वर्षभर त्याचं बिरडं. रात्री भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची आणि नारळाच्या रसात शिजवायचे. आमचा वाल कडवा. बाहेरच्या माणसाला पहिला घास जरा जड जातो, दुसऱ्याला तो ताट पुढं करतो.

सासूबाईंचं बियाणं त्यांच्या सासूकडून आलेलं. काढणी झाली की त्या चांगल्या शेंगा निवडून बाजूला काढायच्या, दाणे राखेत घोळवून मडक्यात भरायच्या आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकायच्या. वाडीतल्या बाकीच्यांनी केव्हाच बाजारचं बियाणं आणायला सुरुवात केली होती. त्या जुन्या वालाचं मडकं आता फक्त आमच्या माळ्यावर होतं.

आणि नेमका तोच वाल मरायला लागला. झाडं उगवायची छान, फुलावर यायची, आणि एके सकाळी बघावं तर रांगेतलं मधलंच झाड माना टाकून उभं. उपटलं तर मूळ आतून तपकिरी. दोन दिवसांनी शेजारचं. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या थंडी कमी पडली. त्यानंतर त्या नुसतं मेलेलं झाड उपटून बांधावर टाकायच्या. वाडीतल्या लोकांचा बाजारचा वालही तसाच मेला, त्यांनी तर वाल लावणंच बंद केलं.

आमचे हे टेम्पो चालवतात, माणगाव ते दिघी. शेतात त्यांचा जीव आहे, पण वेळ नाही. एका वर्षी जेमतेम बियाण्यापुरता वाल घरात आला तेव्हा जेवता जेवता ते म्हणाले, "यापुढं एकतर दुसरं बी आणा, नायतर शेत पडून राहू दे. मी फुकटची नांगरट करनार न्हाय." सासूबाई ताटावरून उठल्या नाहीत, पण भात तसाच राहिला.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला संशोधन केंद्राच्या मॅडम आमच्या ओटीवर आल्या. वयानं लहानच, घाटावरच्या, बोलणं ठसठशीत. त्यांना वालाची चाचणी लावायची होती. निरनिराळे वाण, एकाच पद्धतीनं, एकाच हंगामात, वेगवेगळ्या गावांत लावून बघायचे. एक जागा माणगावच्या बाजूला, एक खाडीपलीकडं आगरदांड्याच्या पुढं, आणखी एकदोन ठिकाणी, आणि एक आमच्या शेतात. सोबत प्रत्येक ठिकाणी एक ओळखीचा जुना वाल हवा, म्हणजे नवे वाण त्याच्या तुलनेत कसे आहेत ते कळेल. त्यासाठी त्यांना सासूबाईंचं मडकं हवं होतं.

"एवढ्या गावांत कशाला?" सासूबाईंनी विचारलं. "एका ठिकानी लावा नि बघा की."

"आजी, एका गावात हुशार ठरलेला वाण दुसऱ्या गावात नापास होतो. माती वेगळी, वारं वेगळं."

"व्हय," सासूबाई म्हणाल्या, "पोरींचं पन तसंच असतं. म्हायेरात एक, सासरात एक." आणि माझ्याकडं बघून त्यांनी पदर सारखा केला. मी चहा गाळत होते, गाळत राहिले.

मडकं त्यांनी काढलं. सुपात वाल ओतला, खडा-किडका निवडला आणि मॅडमच्या पिशवीत घातला. पण त्याआधी आमच्या घरात एक ठराव झाला होता, तो असा, की काट्यावर जो वाल जिंकेल तोच पुढं पेरायचा. दोन-दोन प्रकार सांभाळायला माणसं नाहीत. हे माझं म्हणणं, ह्यांनी उचलून धरलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "लावा पैज. माझा वाल कुनाला हार जानार न्हाय." हरला असता तर त्याचं काय होणार हे तिघांनाही माहीत होतं. वाल मडक्यात फार दिवस टिकत नाही. पेरला नाही तर भुंगा लागतो, राखेतसुद्धा. एक-दोन वर्षं जमिनीत गेला नाही की संपलाच.

मॅडमनी शेताचे तुकडे पाडले. वाणांना नावं नाहीत, फक्त रंगवलेल्या खुंट्या. लाल, निळी, पिवळी, हिरवी, पांढरी. आणि एका रंगाचा वाल एका जागी नाहीच! निळी खुंटी वर बांधाशी, तीच खाली ओहोळाकडं, तीच मध्ये. मला पहिल्यांदा ते सगळं गबाळं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मॅडम म्हणाल्या, शेताचा वरचा कोपरा आणि खालचा कोपरा सारखा नसतो, एखादा वाल नुसता चांगल्या जागी पडला म्हणून जिंकायला नको. हे मात्र मला लगेच पटलं. दुकानात नवा तराजू आला की वडील पारड्यांतली वजनं उलटसुलट करून बघायचे. कुठल्या रंगाचा वाल कुठला, हे मॅडमनी आम्हाला सांगितलं नाही. म्हणजे कुणी कुणाची जास्त बडदास्त ठेवायला नको.

जाताना त्या म्हणाल्या, "गुरं येऊ देऊ नका, शेळ्या येऊ देऊ नका, आणि वाळेपर्यंत शेंगा तोडू नका. सगळं वजनात धरायचंय."

घाटावरच्या बाईला शेळ्यांची काळजी. पोपटीचं नाव त्यांच्या डोक्यात कुठून येणार?

पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगते. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, रानात उगवतो तो. त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, मीठ, ओवा, मग कुणी बटाटे घालतं, कुणी अंडी, कुणी कोंबडी. वरून पुन्हा पाला दाबून मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-पाचोळा रचून पेटवून द्यायचा. झाली की नाही ते बघायला मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा, चर्र आवाज आला की काढायची. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही, सगळं शेंगांच्या अंगच्या रसात शिजतं. आणि पोपटीच्या शेंगा कुणाच्या शेतातल्या हे आमच्याकडं कुणी विचारत नाही. ज्याच्या वालाला शेंगा धरल्या त्याच्या शेतात शिरायचं. मालकही टोपली घेऊन मागून येतो.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर पनवेलची नणंद मुलांना घेऊन आली. मी माणगावला चुलतभावाच्या साखरपुड्याला गेले होते. दिवस मावळायच्या वेळेला ह्यांच्या टेम्पोतून उतरले तर अंगणाकडून भांबुर्डीचा वास. मी नुसती खूश. बटाटे काढून पाटावर ओतले होते, शेंगांची वाफ येत होती, पोरांची तोंडं काळी झाली होती. मी पदर खोचून बसले आणि शेंगा सोलायला लागले. तिसरी की चौथी शेंग तोंडात असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. वाडीत वाल कुणीच लावला नव्हता.

"आई, शेंगा कुठनं आणल्या?"

"कुठनं म्हंजे? शेतातनं."

"कुठल्या शेतातनं?"

"तू घाबरू नको गो," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की आजही मला ते तसंच दिसतं. "मॅडमच्या वालाला कुनी बोट लावलं न्हाय. मी सोता उभी राहिले. पोरांना बोलले, निल्याला न्हाय, लालला न्हाय, ती दुसऱ्याची वस्तू. फकस्त पांढऱ्या खुंटीच्या शेंगा काढा. तो आपला वाल हाय. मी काय वलखत न्हाय व्हय? पोटाशी वाकडी शेंग, टोकाला काली. आपल्या घरचं आपुन खाल्लं."

मला राग लवकर येतो, हे गावाला माहीत आहे. नणंदेनं लगेच मुलांना मागं ओढलं. पण त्या वेळेला राग आलाच नाही. कारण सासूबाईंनी प्रामाणिकपणाच केला होता. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी नेमका स्वतःचा वाल खुडला होता, तिन्ही तुकड्यांतला, आणि लेकीच्या पोरांना पोटभर घातला होता.

"आई," मी म्हटलं, "शेवटी वजन होणार ना. शेंगा आपल्याच कमी झाल्या. मग कोण हरणार?"

आधी त्यांना ते उमगलं नाही. मग हातातली शेंग त्यांनी हळूच पाटावर ठेवली.

"म्हंजे माझ्याच हातानं माझा वाल पाडला?"

मी जिंकले होते. पैज मीच लावली होती, नव्या बियाण्याच्या बाजूनं मीच भांडत होते, आणि भांडण न करताच जिंकले होते. असलं जिंकणं नको वाटलं मला. त्या पोपटीतल्या शेंगा अप्रतिम होत्या, हेही खरं. त्यानंतर एकही खाल्ली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर सासूबाई माझा मोबाइल हातात घेऊन ओटीवर बसलेल्या. "लाव मॅडमला. मीच बोलनार." आणि त्या बोलल्याही, सगळं, पाल्यापासून ते पोरांपर्यंत. एक शब्द झाकला नाही.

मॅडम आल्या, शेतात फिरल्या, पांढऱ्या खुंट्यांपाशी वाकून बघून आल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार, आणि बसली असती तर मी मध्ये पडणार होते. पण त्या ओटीवर टेकल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या ते हे, की चूक माझी, मी आधी विचारायला हवं होतं तुम्ही हिरव्या शेंगांचं काय करता. मग त्यांनी समजावून सांगितलं. ओळखीच्या वालाचंच वजन कमी भरलं, तर त्याच्या शेजारी बाकीचे सगळे उगाच मोठे दिसतील. त्यामुळं इथल्या पांढऱ्या तुकड्यांचं वजन धरायचंच नाही. कमी आलं असं नव्हे, मोजलंच नाही असं समजायचं.

"मग माझ्या वालाचं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचा वाल बाकीच्या गावांत उभा आहे, आजी. म्हणूनच तर एका गावावर अवलंबून राहत नाही आम्ही."

मला त्या क्षणी त्या मुलीला मिठी मारावीशी वाटली. तराजूच्या दुकानात वाढूनही मला कधी सुचलं नव्हतं की एक काटा बिघडला तर दुसरीकडं दुसरा काटा असावा लागतो.

सासूबाईंना मात्र त्यानं धीर आला नाही. त्यांनी माळ्यावरचं रिकामं मडकं काढून धुतलं आणि पालथं घातलं. रोज एकदा तरी त्या म्हणायच्या, "तिथं पन मानसंच हायत ना? त्यांनी पन पोपटी लावली असंल. जुना वाल बघून लावली असंल, चवीला तोच बरा." मी म्हणायची, तसं काही नसेल. पण मनातून मलाही तेच वाटत होतं. रायगडात राहून संक्रांतीच्या शेंगा नुसत्या बघत बसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

होळीच्या आसपास मॅडमचा फोन आला, खाडीपलीकडच्या शेतातलं वजन करायचंय, यायचं तर या. ह्यांनी टेम्पो काढला. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या. दिघीला फेरीबोटीवर त्या गाडीतून उतरून कठड्याला धरून उभ्या राहिल्या. वारं खारं होतं. "असल्या वाऱ्यात कसला तगतो माझा वाल," एवढंच पुटपुटल्या.

शेत होतं एका मुसलमान कुटुंबाचं. मुलगे दोन्ही आखातात, घरी आई आणि सून. आई सासूबाईंच्याच वयाच्या. मॅडम त्यांना खालाजान, म्हणजे मावशी, म्हणत होत्या, मग आम्हीही म्हणू लागलो. जमीन रेताड, पलीकडं नारळाची वाडी आणि तिच्याही पलीकडं समुद्र. शेताला चारी बाजूंनी मासेमारीची जुनी जाळी बांधलेली, खांद्याएवढी उंच. आत जायला एकच वाट, तीही दोरीनं बांधलेली.

सासूबाई कुणाशी न बोलता जाळ्यापाशी गेल्या आणि आत बघू लागल्या. वाळून पिवळा झालेला वाल, त्यात त्याच रंगीत खुंट्या. पांढऱ्या खुंटीजवळ शेंगा इतक्या की झाडं वाकली होती. पोटाशी वाकड्या, टोकाला काळ्या.

"ताई, तुमी पोपटी न्हाय लावलीत?" सासूबाईंनी न राहवून विचारलं.

"लावली ना," खालाजान म्हणाल्या. "पोपटीशिवाय थंडी जाते काय? नातवंडं रोज मागं लागली होती. शेंगा बाजारातनं आणल्या."

"घरात वाल असून?"

"घरात कुठं? ती अमानत होती, दुसऱ्याची ठेव. मॅडमनी सांगितलं, यातला एक वाल कुणा बाईच्या सासूचा आहे, खाडीपलीकडचा. कुठला ते सांगितलं नाही. मी सुनेला बोलले, आता सगळ्यांनाच जपायला पायजे. अमानतीला हात कसा लावायचा?"

सासूबाईंना रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, सासरे गेले तेव्हा. त्यांनी खालाजानचे दोन्ही हात धरले. मग मीच सांगितलं की त्या वालाची मालकीण ही. खालाजान म्हणाल्या, "मग घ्या, बघा, तुमचा माल खैरियतीनं आहे." आणि सुनेला हाक मारली, चहा ठेव म्हणून.

शेंगा रंगारंगानं काढल्या, झोडपल्या, उपणल्या. मॅडमनी काटा टांगला. मी पुढं जाऊन उभी राहिले, कारण काटा दिसला की मला मागं राहवत नाही. पांढऱ्या खुंटीचा वाल त्या शेतात पहिला आला. निळा त्याच्या पाठोपाठ. मी मोठ्यानं आकडा वाचला तेव्हा माझा आवाज कापला, आणि ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की ही कुणाच्या बाजूची आहे नक्की.

पण गोष्ट तिथं संपली असती तर ती नुसती सासूबाईंच्या जिंकण्याची झाली असती. आमच्या शेतात निळा सगळ्यांच्या पुढं होता. माणगावच्या बाजूचं शेत आमच्यासारखंच, काळी जड माती, ओल धरून ठेवणारी. तिथंही निळाच पुढं, आणि पांढऱ्याची निम्मी झाडं फुलावर असतानाच मेलेली. मॅडम म्हणाल्या, एका वर्षावर ठरवू नका. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा लावलं. त्या वर्षी मी आधीच सांगून ठेवलं होतं, नणंद आली तरी पोपटी नाही, वडे करायचे, आणि सासूबाईंनी स्वतः कुंपणाला जाळं बांधून घेतलं. पुन्हा तेच झालं. आमच्या मातीत पांढरा मान टाकायचा, समुद्राकडच्या रेतीत ताठ उभा राहायचा. निळ्याला तो मररोग लागतच नव्हता.

"म्हंजे माझा वाल वाईट न्हाय," सासूबाई म्हणाल्या.

"वाईट नाही. त्याची जागा बदलली," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या जमिनीत आता तो रोग घर करून बसलाय."

मग सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "निला पेर." ह्यांनी विचारलं, "आनि मडकं?" सासूबाई तशाच उठल्या. घरात गेल्या, मडकं काढलं, पांढऱ्याचं हाती आलेलं सगळं बी त्यात भरलं, राख घातली, तोंड लिंपलं आणि लिंपण सुकल्यावर टेम्पोत आपल्या पायाशी ठेवून खाडीपलीकडं खालाजानच्या ओटीवर नेऊन ठेवलं. मी बरोबर होते. निघताना खालाजाननी त्यांच्या हातात एक स्टीलचा डबा दिला, आतमध्ये सुक्या बोंबलाची चटणी.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही रीत खाडीच्या दोन्ही काठांना आहे. डबा परत गेला तो आमच्या निळ्या वालानं भरून. तो परत आला कडव्या वालानं भरून. आता दर हंगामाला तो डबा आमच्या ह्यांच्या टेम्पोतून दिघीपर्यंत जातो आणि फेरीवरचं कुणीतरी पलीकडं पोचवतं. त्यामुळं आमच्या घरी दोन्ही वालांचं बिरडं होतं. निळ्याची साल पटकन सुटते, शिजतोही लवकर. सासूबाई खातात, आणि प्रत्येक वेळी म्हणतात, "बरा हाय. पन कडू न्हाय. ह्याला काय जेवान म्हनतात?" आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात.

आमचं शेत पडीक राहिलं नाही. वाडीतल्या आणखी काही घरांनी पुन्हा वाल लावला. ज्यांचे आभार मानायचे त्यांची मोजदाद मी कधी करत नाही. त्या मॅडमची दुसरीकडं बदली झाली, जाताना पेढे घेऊन आल्या होत्या. पैज लावणारी मी, सगळं काट्यावर सोडणारी मी, आणि मला काट्यापेक्षा मोठी गोष्ट दाखवली ती शेंगा विकत आणणाऱ्या बाईनं. हे मी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "उशिरा का हुईना, शानपन आलं."

या हिवाळ्यात नव्या साहेबांनी आमच्या शेतात नवी चाचणी लावली आहे. पुन्हा रंगीत खुंट्या, पुन्हा नावं नाहीत. कुठून कुठून बियाणं आलंय, एखादं घरगुतीही आहे म्हणे, ते कुठल्या गावचं हे साहेब सांगत नाहीत. संक्रांतीनंतर नणंद आली. मुलं आता मोठी झालीत, त्यांनी आल्या आल्या पोपटीचा विषय काढला. वाडीत या वर्षी कितीतरी शेतांत शेंगा होत्या, कुणीही टोपली भरून दिली असती, पण त्याआधीच सासूबाई ह्यांच्याबरोबर माणगावच्या बाजाराला जाऊन आल्या होत्या. टेम्पोतून उतरल्या त्या हातात शेंगांची पिशवी घेऊनच.

वालाच्या गावात वाल विकत आणला म्हणून शेजारीण हसली. नातू म्हणाला, "आजी, बांधाला तर एवढ्या शेंगा आहेत!"

"त्याला हात लावायचा न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "त्यात कुनाच्या तरी सासूचा वाल हाय." आणि त्या भांबुर्डीचा पाला धुवायला बसल्या.